एजंटबाई रविवारी बघायला येणार

मी एजंट शोधतेय असं घरात पहिल्यांदा बोलले, तेव्हा माझ्या धाकट्या दिराचा चेहरा उजळला. "कुठला प्लॉट काढताय वैनी?" त्यानं विचारलं. तो स्वतः हर्सूलकडच्या प्लॉटांचा एजंट आहे. आमच्याकडे एजंट म्हणजे प्लॉटचा, विम्याचा, नाहीतर आरटीओच्या दारातला. पुस्तकालाही एजंट असतो हे ऐकून तो आधी हसला, मग एकदम गंभीर झाला आणि म्हणाला, "काय अडलं तर मला इचारा. धंदा एकच हाय."

पुस्तक म्हणजे माझी कादंबरी. मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या पोरींच्या गप्पा मधल्या सुट्टीत इतक्या ऐकल्यात, की एका उन्हाळ्यात लिहायला बसले ती उठलेच नाही. दौलताबादच्या दोन मैत्रिणी. एकीचे वडील किल्ल्याखाली सीताफळं विकतात, दुसरीचे अब्बा पर्यटकांना किल्ला दाखवतात. दोघींना गाईड व्हायचंय, आणि किल्ल्यावर आजवर मुलगी गाईड कुणी पाहिलेली नाही. मग दोघींचं कडाक्याचं भांडण होतं. एवढीच गोष्ट, पण माझा जीव त्यात अडकला होता.

मराठीत लेखकानं बाड घेऊन स्वतःच प्रकाशकाचं दार वाजवायचं, अशी रीत. मी वाजवलं. एक जण म्हणाले, मुलांचं पुस्तक म्हणजे चित्रं हवीत, पानं कमी हवीत. मी म्हटलं, अहो, वाचणारी मुलगी चौदा वर्षांची आहे. ते म्हणाले, त्या वयात मुली क्लासला जातात, वाचत नाहीत. दुसऱ्यांना शेवटी बोध हवा होता. मी संतापून घरी आले आणि भांडी इतकी आपटली की नवऱ्यानं टीव्ही बंद केला.

मग एका ऑनलाइन कार्यशाळेत कळलं, की बालसाहित्य आणि कुमारांसाठीची पुस्तकं बघणारे एजंट असतात. ते आधी पुस्तक वाचतात, त्याला योग्य प्रकाशक शोधतात, करार नीट बघतात, दुसऱ्या भाषांतही पुस्तक नेतात. पुस्तक विकलं गेलं तरच त्यांचा वाटा. माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे माझ्या बाजूनं बोलणारं कुणी असू शकतं!

पहिलाच जो भेटला त्यानं नोंदणीचे पैसे मागितले. मी भरायला निघाले होते, तेवढ्यात दिरानं मेल वाचली. "वैनी, जो आधी पैशे मागतो तो एजंट नसतो. माझ्या धंद्यात आसे लई हायेत, मला वळखू येतात." धंदा एकच आहे हे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

मराठी पुस्तकंही बघणाऱ्या दिल्लीच्या एका एजंटबाईंना मात्र मी मनापासून पत्र लिहिलं. मनापासून, पण आयुष्यभर शाळेच्या संस्थेला अर्ज लिहिलेल्या बाईनं लिहावं तसं. 'माननीय महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की' अशी सुरुवात, आणि शेवटी 'सोबत तीन प्रकरणे जोडली आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती.' पाठवून झाल्यावर माझ्या मुलीनं ते वाचलं आणि ती सोफ्यावर लोळून हसली. "आई, तू रजा मागतेयस का?" ती पंधरा वर्षांची आहे आणि तिला कुणाचीही भीती वाटत नाही.

बाईंनी पूर्ण कादंबरी मागवली. मग बरेच आठवडे काहीच नाही. मी आशा सोडली असं सगळ्यांना सांगितलं आणि दर तासाला फोन बघत राहिले.

मेल आली तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात होते. 'कादंबरी वाचली. तुमच्याशी बोलायचं आहे. रविवारी अकराला व्हिडिओ कॉल चालेल का?' मी इतक्या जोरात ओरडले की सातवीच्या वर्गाला वाटलं सुट्टी जाहीर झाली. पोरं दप्तरं उचलून बाहेर आली. त्यांना परत आत बसवताना मी हसतच होते, त्यामुळे त्यांचा माझ्यावर विश्वास बसेना.

चूक नवऱ्याची. त्यानं त्याच संध्याकाळी गावी, कन्नडला, आईवडिलांना फोन करून सांगितलं, "रविवारी दिल्लीच्या बाई बोलणार हायेत. पसंत पडलं तर पुस्तक घेतील." झालं. माझ्या सासऱ्यांनी भावकीतली कितीतरी लग्नं जमवलीत. 'रविवार', 'बाई' आणि 'पसंत' एवढे शब्द त्यांना पुरेसे होते. शनिवारी संध्याकाळी सासू-सासरे एसटीनं हजर. सासऱ्यांनी नवं धोतर आणलं होतं, सासूबाईंनी माझ्यासाठी जरीची साडी.

"अहो, त्या फक्त पुस्तकाबद्दल बोलणार आहेत," मी म्हटलं.

"पण बघणार तर हायेत ना?" सासरे म्हणाले. "मंग घरातली मोठी माणसं समोर पाह्यजेत. पोरीची बाजू पडती नसावी."

मी साडी हातात घेतली. शिवाय खरं सांगायचं तर मी इतकी घाबरलेली होते की कुणीतरी सोबत असणार याचं बरंच वाटलं.

रविवारी बाईंचा कॉल आला तो वेळेच्या आधीच. मी आतल्या खोलीत, सासूबाई माझ्या निऱ्या काढतायत, तोंडात पिन. बाहेर नवऱ्यानं लॅपटॉप लावून ठेवला होता आणि समोरच्या खुर्चीवर सासरे बसले होते. त्यांनी नवऱ्याला खुणेनं कॉल घ्यायला लावला. मला आतून ऐकू येत होतं.

"नमस्कार बाई. गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

"माहेर इंदूरचं, बाबा. आता दिल्लीत असते."

"आस्सं! घरी कोण कोण आसतं?"

मी एक निरी हातात धरून धावत बाहेर आले. पडद्यावर साठीच्या आसपासच्या एक बाई, मागे पुस्तकांनी भरलेली भिंत. आमच्या बाजूला पाहुण्यांसारखी ओळीनं मांडलेली माणसं, आणि टीपॉयवर पोहे. पोहे कुणाला देणार होतो आम्ही? मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"बसा, बसा," एजंटबाई म्हणाल्या. "आमची ओळख चाललीय."

मी बसले, तर दिरानं तोंड घातलं. "बघा मॅडम, आमच्याकडं आजून दोन पार्ट्या लागल्यात. तुमचा इचार लवकर सांगा."

बाई एकदम सरळ झाल्या. "हो का? कोण आहेत? दुसऱ्या कुणी घ्यायची तयारी दाखवली असेल तर मला ते कळायला हवं."

माझा पारा चढला. "कुणीही नाहीये," मी म्हटलं. "बाकी सगळ्यांनी नाही म्हटलंय, काहींनी तर उत्तरही दिलं नाही. तुम्ही एकट्याच आहात." दिरानं कपाळावर हात मारला. त्याच्या मते मी सौदा घालवला होता.

पण बाई हसल्या. मग त्या पुस्तकाबद्दल बोलायला लागल्या, आणि माझे कान तापले. किल्ल्याच्या अंधारीतून, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारातून, दोघी पहिल्यांदा पर्यटकांना नेतात आणि स्वतःच रस्ता चुकतात, ते प्रकरण वाचताना त्यांनी हातातला चहा गार होऊ दिला होता. माझ्या दोन पोरींना एक परकी बाई नावानं ओळखत होती! इतकं सुख मला सहन होईना.

"एक विचारते," त्या म्हणाल्या. "या वयाच्या कुणी वाचलंय का हे?"

"माझ्या नातीनं वाचलंय," सासरे अभिमानानं म्हणाले. "तिला लई आवडलं."

मुलगी मागे स्टुलावर बसून पोहे खात होती. "मी अर्धं वाचलंय," ती म्हणाली.

सासरे खाकरले. दिरानं तिला डोळे दाखवले. बघण्याच्या कार्यक्रमात घरच्याच पोरानं मुलीला कमी दिसतं असं सांगून टाकावं, तशी गत झाली.

"अर्धंच का गं?" बाईंनी विचारलं.

"नंतर त्यातली एक मुलगी आईसारखी बोलायला लागते. भांडण झाल्यावर कुणी मैत्रिणीला 'शांतपणे विचार कर' म्हणतं का? मी तर सरळ ब्लॉक करते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एजंटबाई टाळी वाजवायच्याच बाकी होत्या. "मी हेच सांगायला बसले होते, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून शब्द शोधत होते. दुसऱ्या अर्ध्यात शिक्षिका आत शिरलीय. तिला बाहेर काढा. पुन्हा लिहायची तयारी आहे?"

एक क्षण मला राग आला, खूप आला. मग एकदम डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. दोघी बोलणारच नाहीत. एक सकाळी लवकर जाऊन दुसरीचे पर्यटक पळवेल. दुसरी तिला चुकीचा रस्ता सांगेल आणि मग तिथंच उभी राहून घाबरेल. मी बोलत सुटले. बाई मध्येच म्हणायच्या, "हां, आणि मग?" मी पुढचं सांगायचे. शेजारी कोण बसलंय, साडी कुठे सुटलीय, कशाचंही भान नव्हतं. वर्गात एखादा प्रयोग जमतो तेव्हा होतो तसा आनंद, त्याच्या कितीतरी पट.

मी दम घ्यायला थांबले तशी सासऱ्यांनी संधी साधली. त्यांना मुद्द्याचं हवं होतं.

"मंग बाई, पसंत हाय का नाय, ते एकदाचं सांगून टाका."

"मला पसंत आहे, बाबा. पुन्हा लिहितील तर मी हे पुस्तक घेणार." नवरा उडीच मारणार होता. बाईंनी हात वर केला. "पण मी त्यांना पसंत आहे का, ते कुणी विचारलंच नाही. लेखिकेनंही एजंट निवडायचा असतो."

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

माझं लग्न ठरलं तेव्हा मला बघायला हीच माणसं आली होती. मी पोहे नेले, उंची सांगितली, स्वयंपाक येतो म्हणाले. दोन दिवसांनी मुलगी पसंत आहे असा निरोप आला आणि आमच्या घरात पेढे वाटले गेले. माझा नवरा चांगला माणूस आहे, माझी तक्रार नाही. पण तुला पसंत आहे का, हे मला कुणीही विचारलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही. हे मला आजवर कधी खुपलं नव्हतं, ते त्या क्षणी लॅपटॉपसमोर खुपलं.

"तिची पसंती हायेच की," सासरे घाईनं म्हणाले. "ती काय नाय म्हणती व्हय?"

"तुमी गप बसा," सासूबाई म्हणाल्या. मी त्यांना सासऱ्यांशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तिला इचारलंय. तिला बोलू द्या."

मला खरं तर ओरडून हो म्हणायचं होतं. पण मी पदर खोचला आणि खुर्ची पुढे ओढली. विचारलं, तुम्ही सुचवलेला बदल मला पटला नाही तर? बाई म्हणाल्या, वाद घालू, पण पुस्तक तुमचं, शेवटचा शब्द तुमचा. विचारलं, कुणीच प्रकाशकानं घेतलं नाही तर? तर पुढचं पुस्तक लिहायला लावीन, म्हणाल्या. आणि आपलं पटेनासं झालं तर? तर तुम्ही मोकळ्या, करारात तसं लिहू.

"आजून काय इचारायचं आसंल तर इचार," सासूबाई हळूच म्हणाल्या. "घाई नको करू."

सासरे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढे झुकून बसले होते, मला बघायला आले होते त्या दिवशी माझे वडील बसले होते तसे. दीर नखं खात होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी त्यांना थोडा वेळ बघू दिलं.

"पसंत आहेत," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की सासूबाई दचकल्या, आणि मग सगळ्यांच्या आधी त्याच हसल्या.