शांताकाकूंचं पांढरं पडलेलं भिंग

मला पदवीपर्यंत पोचवलं ते साखरखेर्ड्याच्या शांताकाकूंनी. दहावीनंतर वडील माझं शिक्षण थांबवायला निघाले, तेव्हा शेजारच्या या बाईनं स्वतः कॉलेजात जाऊन माझा प्रवेश घेतला. "शिकू द्या त्याले. कागद वाचनारा एक तं पाह्यजे आपल्यात," म्हणाल्या.

शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, मिरचीच्या बियाण्याचं क्रॉसिंग करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. न उमललेली कळी चिमट्यानं उघडून पुंकेसर काढायचे, मग दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. एक कळी नजरेतून सुटली की बियाण्यात भेसळ. सुटलेली कळी कुणी गुपचूप तोडून फेकली की काकू थुंकत. "शी! चुकलं तं चुकलं म्हना. झाकता काऊन बे?"

मोतीबिंदू झाला तेव्हा मीच त्यांना एका शिबिरात नेलं. दोन्ही डोळ्यांत भिंगं बसली, शिबिराच्या बॅनरसाठी काळ्या चष्म्यात फोटो निघाला. काही वर्षांनी उजव्या डोळ्यापुढं धुकं आलं. शिबिराचे डॉक्टर म्हणाले, भिंगामागं पडदा आलाय. लेझरनं कापला. धुकं तसंच. पुन्हा लेझर.

"पडदा कापला म्हन्ता, मंग मले कळी काऊन नाई दिसत?"

"आजी, वय झालं आता," डॉक्टर मोबाइलमध्ये बघत म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काकू, ते शिकलेले आहेत. उगाच वाद नका घालू."

हे आठवलं की अजून तोंड कडू होतं.

दोन हंगाम काकू शेडनेटमध्ये गेल्या नाहीत. शेवटी सुनेनं त्यांना संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. पडदा नव्हताच, बसवलेलं भिंगच पांढरं पडलं होतं. ते काढून नवं बसवायचं, तर भिंग धरून ठेवणाऱ्या पातळ पिशवीला लेझरनं भोक पाडून ठेवलेलं. तरी बाईंनी ते जमवलं. काढलेलं भिंग दाखवलं, ताकासारखं गढूळ.

"शी माय! हे नासकं माह्या डोयात होतं?"

पुढं शिबिरवाले पेढे घेऊन घरी आले. नव्या बॅनरसाठी काकूंचा फोटो हवा होता. "फोटो कायले? थे काढलेलं भिंग छापा," म्हणत काकूंनी त्यांना पेढ्यांसकट पायरी उतरवलं.

मी भेटायला गेलो तेव्हा मात्र रागावल्या नाहीत. जन्मभर मला गज्या म्हणणाऱ्या काकूंनी चहा पुढं केला. "घ्या साहेब."

घरी येऊन मी पत्र लिहिलं.

ती. शांताकाकूंना सा. न.

सूनबाईंकडून वाचून घ्या. तुमचं डावं भिंगही पांढरं पडू लागलंय, असं कळलं. त्या दिवशी डॉक्टरांना विचारलेला तुमचा प्रश्न बरोबर होता. मला डॉक्टरांची भीती वाटली आणि तुमच्या बोलण्याची लाज वाटली. त्या लाजेची आता किळस येते. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला मला सोबत न्या. तुमचं समाधान होईपर्यंत डॉक्टरांना मी विचारत राहीन. नेणार नसाल, तर तसं तोंडावर सांगा. पण गज्या म्हणून सांगा.

तुमचा,
गजानन