मधल्या पट्ट्यातल्या पाचजणी

आइस हॉकीचा सामना साडेचारचा होता. प्रमुख पाहुणे सव्वापाचला आले, बर्फावर अंथरलेल्या लाल गालिच्यावरून जपून चालत गेले आणि खेळाने वक्तशीरपणा अंगी बाणतो असं म्हणाले. मुली तोवर गारठून उभ्या होत्या.

त्यांत माझी चौदा वर्षांची मुलगी होती. दुबईच्या दौऱ्यासाठी कोचला अजून एकच सेंटर, म्हणजे मधली खेळाडू, घ्यायची होती. "उद्या पुन्हा एकटीच मधून घुसलीस तर दौरा विसर," असं त्यांनी तिला बजावलं होतं. हे तिने मला एगैलाच्या घरून निघाल्यावर गाडीत सांगितलं.

समोरच्या संघाची युक्ती साधी होती. हल्ला करायचाच नाही. पाचही जणी रिंकच्या मधल्या पट्ट्यात पसरायच्या आणि पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, घेऊन येणारीला कडेच्या फळीकडे रेटायच्या. सरकारी कार्यालयं अशीच चालतात. कुणी नाही म्हणत नाही, फक्त पुढे जाता येत नाही.

उपाय दोन. मधली लाल रेषा ओलांडली की पक त्यांच्या मागच्या कोपऱ्यात फेकायचा आणि त्या वळेपर्यंत धावायचं. नाहीतर आपणच मागे फिरायचं, त्यांना पुढे ओढायचं आणि मोकळ्या झालेल्या बाजूला लांब पास द्यायचा. दोन्ही मी वाचून गेले होते. तरी पहिला पूर्ण पिरियड ओरडत होते, "सोडू नकोस! धरून ठेव!" वीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या सांभाळल्यात. हातातली वस्तू आपणहून फेकलेली मला बघवत नाही.

तिने धरून ठेवलं. चारदा मधून घुसली, चारदा पक गेला, चौथ्यांदा आमच्यावर गोल झाला. कोचने तिला बाकावर बसवलं. दुसरा पिरियड तिने तिथूनच पाहिला.

मध्यंतरात ती काचेपाशी आली. "आई, कोच तू आहेस का?"

"अगं, मी फक्त..."

"मला तुझाच आवाज येतो. त्यांचा येतच नाही. प्लीज, जस्ट स्टॉप."

नवरा म्हणाला, "कॉफी घेऊन ये ना. जरा लांबून."

मी गेले नाही, पण तोंड मिटलं.

तिसऱ्या पिरियडची शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा कोचने तिला पुन्हा बर्फावर उतरवलं. पक मिळाला, समोर त्या पाचजणी दिसल्या, आणि ती वळून सरळ आपल्याच गोलकडे निघाली.

"ताई, तुमची मुलगी उलटी कुठे चालली?" मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी विचारलं.

पाचातल्या दोघी तिच्या मागे आल्या. ती आमच्या गोलमागे थांबून राहिली. फेक, फेक, असं माझ्या घशाशी आलं होतं. दातांत ओढणी धरली. तिसरीही पुढे सरकली. तेव्हा तिने डावीकडे लांब पास दिला. तिथे आमची एक मुलगी एकटीच उभी होती. ती सुटली ती गोल करूनच थांबली.

सामना बरोबरीत सुटला. कोच माझ्याकडे आले. "दौऱ्याला ती येतेय," ते म्हणाले. "पालकांनी यायची आवश्यकता नाही."

ही सूचना सगळ्याच पालकांसाठी असणार, असं नवरा परतताना मला समजावत होता. मागच्या सीटवर मुलगी हसत होती.