अर्जुनाची साल

टेकडीच्या वाटेवरचा अर्जुन माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत सोललेला आहे. काल सकाळी एक आजी त्याच्या उघड्या खोडावर शेणमाती लिंपत होत्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशा हलक्या हाताने.

"आमच्या ह्यांना हार्टचा त्रास आहे. काढ्यासाठी मीच साल नेत होते," मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या. "मग डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अभ्यास चाललाय अजून, गोळ्या मात्र सोडू नका. झाडाला काय होईल, ते विचारायचंच राहिलं."

माझ्याही रक्तवाहिन्या वयाआधीच ताठरल्या आहेत. कुठल्यातरी पानासालीतून त्यांना पुन्हा मऊ करणारं औषध निघेल, अशी आशा मलाही आहे. पण झाडाचं अन्न पानांपासून मुळांपर्यंत नेणाऱ्या वाहिन्या सालीतच असतात, हे शाळेत शिकलेलं मला तिथे उभं असताना आठवलं.

"रोज येता का इकडे?" आजींनी विचारलं.

"आज पहिल्यांदाच," मी म्हणालो, आणि खिशातल्या सुरीवरचा हात काढून त्यांच्या डब्यातल्या मातीत घातला.