इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं

आमच्या घरात इंग्रजीचा जाणकार मी. म्हणजे बायको माझ्यापेक्षा चांगलं बोलते, मुलगी तर इंग्रजीतच भांडते. पण आई पुण्याहून इकडे परदेशात आली की हे पद मला मिळतं, कारण तिला ते खरं वाटतं.

त्या नवरात्रात आईने क्वेकर्स हिलच्या आमच्या घरी घट बसवले. घरात अखंड दिवा ठेवला की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून गाडी गेली रस्त्यावर आणि देवी बसली गॅरेजमध्ये.

संध्याकाळी आरतीला मंडळी येणार होती आणि गॅरेजच्या जमिनीवर रंगाचे जुने डाग. आधीच्या मालकाचा एक गंजका डबा कोपऱ्यात सापडला. त्यातलं पाण्यासारखं काहीतरी ओतून मी फडक्याने घासायला लागलो.

"अरे, रॉकेलसारखा वास येतोय. दिवा आधी बाहेर नेऊ का?"

मी डबा डोळ्यांजवळ धरला. फाटक्या लेबलवर एकच शब्द धड उरला होता, इनफ्लेमेबल.

"आई, इनकम्प्लीट म्हणजे कम्प्लीट नसलेलं. तसं इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं. लिहिलंयच इथे."

"बघ बाबा. तू शिकलेला."

भप्प झालं आणि ज्वाळा जमिनीवरून सरळ देवीकडे धावली. मी दाराकडे पळालो, हे सांगून टाकतो. आई उलट गेली. दिवा विझता कामा नये म्हणून तिने तो उजव्या हाताने उचलला. तेल, आग, सगळं त्या हातावर आलं. मी बागेचा पाइप ओढत परत आलो तेव्हाही तिने दिवा सोडला नव्हता.

इमर्जन्सीत डॉक्टरणीने विचारलं, कसं झालं? आईला इंग्रजी येत नाही, दुभाष्या मीच.

"सांग तिला, मला डब्यावरचं वाचता आलं नाही."

"अगं पण मी..."

"सांग रे. तुझं नाव नको यात."

मी सांगितलं, डब्यावर इनफ्लेमेबल लिहिलं होतं, आईला ते वाचता आलं नाही. डॉक्टरीण हळहळली. म्हणाली, शब्दच फसवा आहे. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारं. लोक गोंधळतात म्हणून हल्ली नुसतं फ्लेमेबल लिहितात. तुमच्या आईचा दोष नाही. मग तिने आईला बोटं हलवायला लावली आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात बोलली.

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

"हात बरा होईल म्हणाली."

"मग झालं तर."

डॉक्टरीण म्हणाली होती, दोन बोटांचं काही सांगता येत नाही.