उघड्या डोळ्यांची प्रार्थना

जेवणाआधी प्रार्थना करताना आमची सात वर्षांची रूथ एक डोळा किलकिला ठेवते. काल मी तिला टोकलं, "डोळे मिट. देवाचे आभार मानतोय ना आपण?"

"डोळे मिटले की ताटातलं दिसत नाही, पप्पा. मग आभार कशाचे मानू?"

"आणि तिचा डोळा तुम्हाला कसा हो दिसला?" बायकोने, सुनीताने, स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

मला आई आठवली. तिच्या खुरपणीच्या मजुरीवर मी कॉलेज शिकलो. संध्याकाळी चुलीपुढे ती प्रार्थना सांगायची, आम्ही भावंडं डोळे मिटून बसायचो. तिची नजर मात्र तव्यावरच्या भाकरीवर असायची. भाकरी करपू न देणं हाही तिच्या प्रार्थनेचाच भाग होता, असं मला आता खात्रीने वाटतं. कृतज्ञता शिकवायची तर मुलांना आधी बघायला शिकवावं लागतं.

मग मीही डोळे उघडे ठेवून प्रार्थना सुरू केली. रूथच्या ताटात गरम पोळी होती, माझ्याही होती. हात जोडून दारात उभ्या असलेल्या सुनीताचं ताट अजून मांडलेलंच नव्हतं.

आमेन म्हणायचं तसंच ठेवून मी आधी तिचं ताट वाढायला उठलो.