माझ्या पोटात डोकावलेले गृहस्थ

ऐंशीच्या दशकात नाशकात माझ्याइतकी जाड शिक्षिका दुसरी असेलही, पण आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत तरी नव्हती. मी रिक्षात बसले की रिक्षावाला दुसऱ्या सवारीचा विचार सोडून द्यायचा. गुडघे असे दुखायचे की फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर मी कधी लिहिलंच नाही. वजन उतरावं म्हणून उपास केले, सकाळी मध-लिंबू घेतलं, पुढेपुढे नुसत्या काकडीवर राहिले. वजन उतरलं ते यजमानांचं. घरात जे व्हायचं तेच त्यांच्या ताटात पडायचं, आणि ते मुळातच काडीसारखे.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका सर्जनकडे पाठवलं. ते अधूनमधून नाशकात पेशंट तपासायला येत. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि वरच्या बाजूला एक आडवी रेघ मारली.

"इथं शिवून टाकायचं. वर छोटा कप्पा राहील. चार घास गेले की पोट भरलं."

"आणि खालच्या एवढ्या जागेचं काय करायचं?" यजमानांनी विचारलं. ते छापखान्यात कारकून होते, पण प्रश्न घरमालकाचे विचारायचे.

सर्जन हसले. म्हणाले, "आधी ती जागा आतून बघून घेऊ."

आतून बघायचं म्हणजे दुर्बीण गिळायची. त्या वेळी ते प्रकरण नवीन होतं. बागेला पाणी घालायच्या नळीची धाकटी बहीण शोभेल अशी काळी नळी घशातून खाली गेली. वरच्या टोकाला डोळा लावून ते सर्जन डॉक्टर आत बघू लागले. मी एका हातानं यजमानांचं मनगट आवळून धरलं होतं. मला बोलता येत नव्हतं, हा आमच्या संसारातला पहिलाच प्रसंग.

डॉक्टर रंगात आले होते. यजमानांना म्हणाले, "बघायचंय?"

यजमानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वाकले. "अगं, छान गुलाबी आहे!"

मग डॉक्टरांनी पुन्हा डोळा लावला. नळी जरा फिरवली. "हं," म्हणाले. त्या 'हं'नं माझ्या पोटात जो गोळा आला, तो त्यांना नक्की दिसला असणार.

नळी काढल्यावर त्यांनी समोर बसवून सांगितलं, "आत एक जखम आहे. तिच्या कडा मला आवडल्या नाहीत. तुकडा तपासायला पाठवतो. तोवर ऑपरेशनचं नाव काढायचं नाही."

कॅन्सर हा शब्द कुणीच उच्चारला नाही, पण परतीच्या रिक्षात तो आमच्या मध्ये बसून आला. एरवी तिथं कुणाला जागा होत नसे.

यजमानांना आता कॉलनीत कुणीही विचारलं, "काय निघालं हो?" की ते म्हणत, "गुलाबी आहे," आणि वाट बदलत. घरी मात्र वेगळंच चालू झालं. पूर्वी मी दुसऱ्या पोळीला हात घातला की ते खोकायचे. तो खोकला बंद झाला. एका संध्याकाळी तर स्वतः गरम जिलब्या घेऊन आले आणि माझ्या ताटात वाढल्या.

"खा."

तेव्हा मात्र मी घाबरले. "अहो, मी मरणार असं वाटतंय का तुम्हाला?"

"छे! हलवायाकडच्या संपत आल्या होत्या, म्हणून आणल्या," असं म्हणून ते खिडकीशी जाऊन चष्मा पुसत राहिले. मी इतकी वर्षं जिलबीसाठी भांडले, पण ती जिलबी मला गिळवेना.

तेवढ्यात सटाण्याहून नणंद आली. कांद्याची पिशवी खाली ठेवायच्या आत दारातच हंबरडा. "वहिनी, पोटमा काय शे वं?"

"गुलाबी आहे म्हणतात," मी म्हटलं. रडतारडता तिला असं हसू फुटलं की यजमान बाहेर निघून गेले आणि आम्ही दोघी उंबऱ्यात बसून हसलो. नंतर दोघीही थोड्या रडलो.

सर्जन पुन्हा आले तेव्हा रिपोर्ट त्यांच्या हातात होता. "कॅन्सर नाही. अल्सर आहे. गुडघ्यांसाठी काही घेता का?"

"दुखण्याच्या गोळ्या. सकाळ-संध्याकाळ."

"उपाशीपोटी?"

"काकडी असते ना."

त्यांनी कपाळाला हात लावला. त्या गोळ्या बंद झाल्या, नव्या सुरू झाल्या, तिखट गेलं, दूधभात आला. आम्ही बाहेर पडलो आणि यजमान दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून रडू लागले. जाणारी एक बाई थांबली आणि तिनं हळूच मला विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी राहिले."

जखम भरायला काही महिने लागले. पुन्हा नळी गिळली, पुन्हा यजमान वाकून बघून आले, आणि डॉक्टर या वेळी 'हं' म्हणाले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला ऑपरेशन झालं. वाटीभर भातात खरंच पोट भरू लागलं. सुरुवातीला मला त्या वाटीचा रागच यायचा.

पुढच्या वर्षी मी जिना न थांबता चढू लागले. पण वर्गात एक घोटाळा झाला. पूर्वी माझी पावलं वाजली की मुलं चिडीचूप व्हायची. आता मी दारात उभी राहिले तरी कुणाला पत्ता नसायचा, आणि माझी नक्कल चाललेली असायची. नक्कल चांगली करायची. फक्त माझी चाल अजून जुनीच दाखवायची.