बैजिक भूमिती न येणारे आमचे पेठे सर

पेठे सरांच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकात मी लिहावं असं त्यांचे विद्यार्थी सांगायला आले तेव्हा मी आधी विचारलं, यात तुमचा काय डाव आहे? मी चौथीपर्यंत शिकलेली. बाकीचे लिहिणारे सगळे डॉक्टर आणि प्राध्यापक. ते म्हणाले, "आजी, काही न शिकता सरांच्या वर्गात इतकं बसलेलं दुसरं कोणी नाही." हे मात्र खरं. म्हणून लिहिते.

सरांची ओळख माझ्या नातीमुळे झाली. ऋजुता फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली आणि तिला सुपरसिमेट्रीत संशोधन करायचं होतं. कॉलेजात तिला सांगितलं, आधी बैजिक भूमिती पक्की कर, त्यात काही वर्षं जातील, मग या वाटेला ये. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, "यंदा पीएच.डी.च्या मुलाखतीत घेतलं तर ठीक. नाहीतर गुपचूप बँकेच्या परीक्षेला बस." अशात तिला कळलं की मुलुंडला एक निवृत्त प्राध्यापक हाच विषय त्या भूमितीशिवाय शिकवतात. घरी. आणि फी घेत नाहीत.

माझ्या मनात पाल चुकचुकली. अवघड भाग गाळायचा, वर फुकट शिकवायचं? विक्रोळीहून मी तिच्याबरोबर निघाले.

सरांनी दार उघडलं. "या आजी."

"आजी हिची. तुमच्याहून मी लहान असेन."

"मग या ताई," ते म्हणाले आणि पंख्याखालची खुर्ची मला दिली. ती चांगली खुर्ची होती, म्हणून मी आणखी सावध झाले.

सर काय शिकवत ते मी ऐकलं तसं सांगते. साध्या आकड्यांत दोन त्रिक की तीन दुणे, उत्तर एकच. पण सरांकडे आकड्यांची दुसरी एक जात आहे. त्यातल्या दोघांनी गुणाकारात जागा बदलली की अधिकचं उणं होतं, आणि एकालाच त्याच्याशी गुणलं की शून्य. साध्या जागेचा पत्ता साध्या आकड्यांत सांगतात. त्या पत्त्याला हे दुसऱ्या जातीचे आकडे जोडले की त्याला सुपरमॅनिफोल्ड म्हणायचं. आणि दोन जातींना एकमेकांत फिरवणारी ती सुपरसिमेट्री. सर म्हणत, "पुन्हा तोच आला की शून्य होतं, म्हणून ही मांडणी लांबत नाही. हाताने होते. हाताने करा." ऋजुता मान डोलावत होती. मला वाटलं, पोरीला भुलवलं.

एकदा तर सर मध्येच अगदी हळू बोलायला लागले. मी लगेच ताडलं की माझ्यापासून काहीतरी लपवतायत. घरी येताना ऋजुताला झापलं. ती म्हणाली, "आजी, तू घोरत होतीस गं. झोप मोडू नये म्हणून सर हळू बोलत होते." तरी मी पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवले.

एक दिवस फळा भरत आला होता आणि ऋजुताचं पेन थांबलं. सरांनी विचारलं, "काय झालं?" ती चाचरत म्हणाली, "सर, वर दोघांची जागा बदलली, पण उणे घेतलं नाही." सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी सगळा फळा पुसला.

मी म्हटलं, "अहो, एवढीशी रेघ मारली असती तर भागलं असतं."

"ताई, एक चिन्ह चुकलं की खालच्या एकाही ओळीवर माझा विश्वास उरत नाही." आणि त्यांनी पहिल्यापासून मांडायला घेतलं. स्वतःचाच संशय घेणारा माणूस. तो मला पहिल्यांदा आपल्यातला वाटला.

पण मुलाखत जवळ आली तशी माझी झोप उडाली. ही पोर त्या मोठ्या लोकांसमोर उभी राहणार आणि ते नेमकी गाळलेली गोष्ट विचारणार. मी सरांना सरळच विचारलं, "ती भूमिती लागत नाही म्हणता. तुम्हाला तरी येते का?"

ऋजुताने कपाळाला हात लावला. सर म्हणाले, "नाही येत. तरुणपणी दोनदा सुरू केली, दोनदा सोडली."

"वाटलंच. ज्याला येत नाही तोच म्हणणार, लागत नाही!"

"बरोबर आहे संशय," सर म्हणाले. रागावले नाहीत. "पण आत शिरायला ती लागत नाही, हेही खरं. पुढे लागते. ऋजुता, मुलाखतीत हे असंच सांग. येत नाही ते येत नाही म्हण, आणि येतं ते करून दाखव."

मी म्हटलं, झालं, वाट लागली पोरीची.

मुलाखतीत त्यांनी पहिलाच प्रश्न त्या भूमितीतला टाकला. ऋजुता म्हणाली, "ते मला येत नाही. जागेचे पत्ते आकड्यांत मांडून, हाताने करून दाखवू?" ते हो म्हणाले. निम्म्यात तिचं एक चिन्ह चुकलं. तिचं तिलाच दिसलं आणि तिने अख्खा फळा पुसला. एकाने विचारलं, "सगळा का पुसलात?" तिने सरांचं वाक्य सांगितलं. ते एकमेकांकडे बघून हसले, असं ती म्हणते. मला ते हसू बरं वाटलं नव्हतं. पण तिला घेतलं. अट एकच घातली, पहिल्या वर्षात बैजिक भूमिती शिकायची.

आम्ही पेढे घेऊन गेलो तेव्हा सरांनी पेढा हातात धरूनच विचारलं, "ऋजुता, तिथे शिकशील ते मला शिकवशील?" मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. माणूस थट्टा करत नव्हता.

आता दर रविवारी सर वही उघडून बसतात आणि फळ्यापाशी माझी नात उभी असते. पंख्याखालची खुर्ची अजून माझीच आहे. सर तब्येत ठणठणीत आहे म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही, जिना चढून आले की धापा टाकतात. गोळ्या वेळेवर घेतात का तेही मी विचारते, ते विषय बदलतात. सरांनी उदंड जगावं, असं इथे सगळेच लिहितील. मी तेवढ्यावर सोडणारी नाही. ऋजुता म्हणाली, ही भूमिती पुरी व्हायला कितीतरी वर्षं लागतील. मी तिला बजावलं आहे, "सरांना सावकाश शिकव. अजिबात घाई करायची नाही."